ड्रायव्हरची शाळा पावसाळ्यात भरवा



ऊस विकास अधिकाऱ्याने बेण्याविषयी लिहावे, लागणीच्या तारखांविषयी लिहावे, फार तर हुमणीविषयी लिहावे. ड्रायव्हरच्या लायसनशी त्याचा काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध आहे. बेणेप्रक्रियेपासून आम्ही आणि तुम्ही मिळून जपलेला ऊस शेवटी एका ड्रायव्हरच्या भरवशावर गव्हाणीपर्यंत पोचतो. तोडलेला ऊस जितका लवकर गाळावा तितका उतारा हाती लागतो. ट्रॉली वळणावर उलटली तर तोच ऊस रस्त्याकडेला पडून वाळतो, फडातली तोड थांबते, टोळी बसून राहते आणि पुढच्या शेतकऱ्याची तारीख पुढे जाते. हे झाले उसाचे. ट्रॉलीवर मागून येऊन आदळलेल्या मोटरसायकलवाल्याच्या घरचे काय होते, ते आपल्या प्रत्येक गावाला ठाऊक आहे.

हंगाम संपत आला की आमच्या गट कार्यालयात ट्रॅक्टरवरचे दोन-चार तरुण गडी हमखास येतात. "साहेब, हेवी काढायचं म्हणतोय. काय करायला लागंल?" ही विचारणा रास्त आहे. ट्रॅक्टरवर काम चार-पाच महिन्यांचे. एरवी मिळेल ती मजुरी. ट्रकचे लायसन हातात असले की साखरेची पोती आहेत, मळी आहे, इथेनॉलचे टँकर आहेत, बाराही महिने काम आहे. यांतले बरेचसे आपल्याच अल्पभूधारक सभासदांचे मुलगे. एक-दीड एकरावर दोन भावांचे भागत नाही, म्हणून एक शेतात आणि एक स्टेअरिंगवर, अशी घराघरांतली वाटणी आहे.

तेव्हा कायदा काय म्हणतो ते आधी सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८ चा. ट्रकसारख्या अवजड मालवाहू वाहनाचे शिकाऊ लायसन मिळण्यासाठी वयाची २० वर्षे पूर्ण हवीत आणि हलक्या वाहनाचे लायसन किमान एक वर्ष हातात असावे लागते. पुढे ड्रायव्हिंग स्कूलचा नमुना ५ मधला दाखला, डॉक्टरचा दाखला आणि शिकाऊ लायसन मिळून किमान ३० दिवस झाल्यावर प्रत्यक्ष गाडीवरची परीक्षा. पूर्वी आठवी पास असण्याची अट होती, ती २०१९ साली निघाली. ज्यांची शाळा ऊसतोडीपायी सुटली त्यांच्यासाठी ते चांगलेच झाले. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी असाही निकाल दिला की, ७५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला हलक्या वाहनाचे लायसन पुरते, वेगळी नोंद लागत नाही. म्हणजे पिकअपवाल्याने आता एजंटाला पैसे चारू नयेत. खरी बढती ७५०० किलोच्या वर सुरू होते.

इथपर्यंत सगळे ठीक. आता गोम सांगतो. शिकाऊ लायसनच्या वेळी तोंडी-लेखी जे काही विचारतात ते केंद्रीय नियमांतल्या ११ व्या नियमात लिहिले आहे. वाहतुकीची चिन्हे व रस्त्याचे नियम, अपघात झाल्यास ड्रायव्हरने काय करायचे, राखणदार नसलेले रेल्वे फाटक ओलांडताना घ्यायची काळजी, आणि गाडीत कोणती कागदपत्रे ठेवायची. चार बाबी. त्यांत भार हा शब्द नाही, घाट नाही, हवेचा ब्रेक नाही. शिवाय त्याच नियमात असे आहे की, ज्याच्याकडे आधीचे चालू लायसन आहे त्याला ही परीक्षासुद्धा माफ! म्हणजे अठराव्या वर्षी मोटरसायकलसाठी चिन्हे ओळखून दाखवलेला मुलगा पुढे दहा चाकी ट्रकवर बसेपर्यंत त्याला सरकारी परीक्षेत लेखी एकही नवा प्रश्न विचारला जात नाही. दहा चाकी ट्रकचे भारासह मंजूर वजन २०१८ पासून २८.५ टन आहे.

ड्रायव्हिंग स्कूलच्या अभ्यासक्रमात अवजड वाहनांसाठी स्वतंत्र प्रकरणे आहेत, हे खरे. वाहन चालवण्याच्या शास्त्राचा दुसरा भाग, वाहतूक शिक्षणाचा दुसरा भाग, आगीचे धोके, गाडीची निगा, प्रथमोपचार. कागद उत्तम आहे. पण ज्यांनी दाखले आणले त्यांनाच विचारा. "थेरी? पुस्तक दिलं, सही घेतली." सगळीकडे असेच चालते असे आम्ही म्हणत नाही. केंद्र सरकारने २०२१ पासून मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांची योजना काढली, त्यात अवजड वाहनाचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांत ३८ तासांचा ठेवला आणि तिथला दाखला असला की गाडीवरच्या परीक्षेतून सूट दिली. योजना चांगली; पण खेड्यातल्या गड्याने सहा आठवडे दूरच्या केंद्रावर जाऊन रहायचे, तर घरची चूल कोणी पेटवायची?

म्हणून आमचे म्हणणे असे की, थेरीपुरती शाळा फोनवर भरावी आणि ती पावसाळ्यात भरावी. जून ते सप्टेंबर हा ड्रायव्हर घरी असतो, हातात स्मार्टफोन असतो, आणि त्यावर तो दिवसाचे दोन तास काय पाहतो ते आम्ही इथे लिहीत नाही.

अमेरिकेतला दाखला घेऊ. तिथे ७ फेब्रुवारी २०२२ पासून नवा नियम लागू झाला. व्यावसायिक लायसन पहिल्यांदा काढणाऱ्याला, किंवा एकसंध ट्रकच्या 'बी' वर्गातून ट्रेलर जोडलेल्या 'ए' वर्गात जाणाऱ्याला, नोंदणीकृत संस्थेकडून आधी थेरी शिकावी लागते आणि तिच्या चाचणीत किमान ८० टक्के गुण लागतात. थेरी घरबसल्या संगणकावर चालते. मैदानातले आणि रस्त्यावरचे शिक्षण मात्र खऱ्या गाडीवरच. नकली यंत्रावर बसवून भागत नाही. आणखी एक शहाणपणाची गोष्ट त्यांनी मार्च २०१९ मध्येच ठरवून ठेवली: 'बी' वर्गवाल्याला जे आधीच येते ते पुन्हा शिकवू नये. त्याच्यासाठी थेरीचा वेगळा, छोटा अभ्यासक्रम केला. आम्हाला ही गोष्ट मोलाची वाटते. पंधरा हंगाम डबल ट्रॉली ओढलेल्या माणसाला 'हा क्लच, हा ब्रेक' म्हणून शिकवू लागलात तर तो दुसऱ्या दिवशी येणार नाही.

अमेरिकेचे सगळेच घ्यावे असे नाही. तिथे तासांची किमान अट ठेवलेली नाही, ते आम्हाला पटत नाही. हुशार गडी दोन दिवसांत उत्तरे पाठ करून मोकळा होईल. पण त्यांच्या कायद्याची एक नजर आपल्याला नाही. 'ए' वर्ग ठरवताना ते ओढणारे आणि ओढले जाणारे, दोन्हींचे वजन एकत्र धरतात. आपल्याकडे ट्रॅक्टर त्याच्या स्वतःच्या मोकळ्या वजनावरून हलक्या वाहनात मोडतो. मागच्या दोन ट्रॉल्यांतला ऊस त्याच्या वजनाच्या कैक पट असतो, पण लायसनच्या लेखी गाडी हलकी! अर्थात शेतकऱ्याच्या स्वतःच्या वाहनांना तिकडेही सवलती आहेत. तरी कायदा काही म्हणो, उतार मात्र सगळे वजन मोजतो.

फोनवर काय शिकवायचे? आमच्या मते पहिला धडा थांबण्याचा. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यापासून गाडी थांबेपर्यंतचे अंतर चौपट होते, हे चित्र काढून दाखवले की पाचवी शिकलेल्या माणसालाही कळते. दुसरा हवेच्या ब्रेकचा. ट्रॅक्टरवरून ट्रकवर आलेल्या गड्याच्या डोळ्यांना हवेच्या दाबाचा काटा पाहायची सवय नसते. दाब भरेपर्यंत गाडी हलवू नये, आणि लांब उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवला तर ड्रम तापून तो धरेनासा होतो, म्हणून चढ ज्या गिअरला चढलो त्याच्या आसपासच्याच गिअरला उतरावे. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे बहाद्दर आपल्याकडे कमी नाहीत. वळणावर मागचे चाक पुढच्या चाकाच्या आतून येते, आणि गावच्या पेठेत नेमकी तिथेच सायकलवाली पोरे असतात. ट्रॉलीला ब्रेक नसला तर ती उतारावर ट्रॅक्टरला ढकलते आणि दोघांची कात्री होते. उसाची थप्पी जितकी उंच, तितके उलटणे सोपे. रिफ्लेक्टर आपण दर हंगामात वाटतो, पण मागे लोंबणाऱ्या उसाखाली तो झाकला गेला तर लावला काय आणि न लावला काय. टायर बदलल्यावर चाकाखालचा दगड रस्त्यातून उचलणे, हीसुद्धा थेरीच आहे. आणि मोठ्याने टेप लावला की मागच्याचा हॉर्न ऐकू येत नाही, हे एकदा कोणीतरी सांगायलाच हवे.

झोपेचा धडा मात्र ड्रायव्हरला एकट्याला देऊन चालणार नाही. मोटार परिवहन कामगार कायदा १९६१ चा. नोव्हेंबर २०२५ मध्ये तो रद्द होईपर्यंत त्यात दिवसाला आठ तास काम सांगितले होते. आपल्या केन यार्डात नंबर लागेपर्यंत रात्र जाते आणि सकाळी मालक म्हणतो, दुसरी खेप आण. हा धडा गाडीमालकांनी, आणि आमच्या शेती विभागानेही, शेजारी बसून ऐकावा.

आता आक्षेप. पहिला असा की, फोनवर उत्तरे तो देणार की त्याचा भाचा? बिनतोड आक्षेप आहे. शिकाऊ लायसनची परीक्षा घरबसल्या द्यायची सोय महाराष्ट्रात २०२१ साली सुरू झाली, तेव्हापासून गावोगावी हाच विनोद चालतो. म्हणून शिकणे घरी, चाचणी गट कार्यालयात, समोरासमोर. ज्याला वाचता येत नाही त्याला तोंडी विचारावे; त्याला चित्र दाखवून म्हणावे, सांग, यात चूक काय? दुसरा आक्षेप, थेरीने गाडी येत नाही. कोण म्हणते येते? ऊस लावायचाही पुस्तकाने येत नाही, तरी माती परीक्षणाचा कागद आपण वाचतोच की. गाडीवरचा सराव ड्रायव्हिंग स्कूलमध्येच व्हायचा. फोनवरच्या या थेरीमुळे नमुना ५ चा दाखला सुटत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे, नाहीतर उद्या एखादा एजंट हाच कागद विकायला काढील.

तिसरा आक्षेप संचालक मंडळींकडून येतो: शिकवून तयार करायचे आणि ड्रायव्हर दुसऱ्या कारखान्याकडे जायचा. जाईल. त्याच रस्त्यावर आपल्या मुलांच्या शाळेच्या गाड्या आणि आपले दुधाचे कॅन फिरतात. तो कोणाच्याही कारखान्याचा ऊस ओढत असला तरी तिथे तो शिकलेला असलेला बरा. आणि टँकरसाठी माणसे कुठून आणणार? धोकादायक मालाच्या गाडीला नियम ९ प्रमाणे तीन दिवसांचे वेगळे प्रशिक्षण लागते, शिवाय एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता यावी लागते. आपल्या भागातला मुलगा तिथपर्यंत न्यायचा तर पायरी कुठेतरी खालीच घालावी लागेल.

खर्चाचे म्हणाल तर मराठीत धडे तयार करणे एकदाच. अवजड वाहनाच्या स्कूलची फी मोठी असते. ती ड्रायव्हरच्या उचलीतून कापू नये, असे आमचे ठाम मत आहे. आधीच उचलीच्या ओझ्याखाली असलेला माणूस शिक्षणाचेही कर्ज घेणार नाही. कारखान्याने निम्मी आणि गाडीमालकाने निम्मी सोसावी, आणि वाहतूक करारात तसे कलम घालावे. करार पावसाळ्याच्या तोंडाला सुरू होतात. मंडळाने त्याआधीच्या सभेत हा विषय घेतला, तर येत्या हंगामाची मोळी टाकण्यापूर्वी प्रत्येक गटातून निदान दहा गडी चाचणीला बसतील. नावे गटाच्या शेती मदतनिसाकडे आजही लिहून देता येतील. ट्रॅक्टरवर किती हंगाम काढले, तेही सोबत लिहावे.