रक्तातल्या खुणा

"यजमानांना झटका येऊन गेला, सून गरोदर आहे. बाळाच्या रक्तातच हे येईल का?" वसमतच्या एका भगिनीनं विचारलंय.

अहो, रोग येत नाही, कल येतो. जनुकांवर मिथाइलच्या बारीक खुणा असतात. रक्तातल्या या खुणांवरून हृदयविकाराचा धोका ओळखण्याचं संशोधन चालू आहे. त्या बसायला बी-१२ जीवनसत्त्व लागतं. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून सहा खेड्यांतल्या आया आणि मुलं तपासली. आईचं बी-१२ कमी नि फोलेट जास्त, तिथं सहाव्या वर्षीच मुलांचं शरीर इन्शुलिनला कमी दाद देत होतं. मधुमेहाची, पुढं हृदयविकाराची ही वाट!

तेव्हा दूध-दही सुनेला आधी वाढा, उरलंसुरलं नको. फोलिकच्या गोळ्या मात्र बंद करू नका हं. बी-१२ चं डॉक्टरांना विचारा.