ताप नाही, तरी रक्त कायले? हिवतापात वयाचं गणित समजून घ्या

गडचिरोली : धानाची रोवणी आटोपते, पाऊस उघडझाप करू लागतो आणि भामरागड, एटापल्ली, धानोरा, कोरची अशा जंगलपट्ट्यातल्या तालुक्यांत हिवतापाचे दिवस सुरू होतात. आशाताई आणि आरोग्यसेवक किट घेऊन टोल्याटोल्यावर फिरतात. लेकराला ताप असेल तर माय स्वतःहून पुढे येते. पण धडधाकट बाप्याच्या बोटाला सुई टोचायची म्हटली की उत्तर ठरलेलं असतं, 'मले काय झालं? ताप नाही, काही नाही. रक्त कायले द्यायचं?'

प्रश्न रास्त आहे आणि त्याचं नीट उत्तर गावाला क्वचितच मिळतं. राज्यात फॅल्सिपेरम या जीवघेण्या जातीच्या हिवतापाचा सगळ्यात मोठा भार गडचिरोलीवर आहे. देशानं २०२७ पर्यंत स्थानिक रुग्ण शून्यावर आणायचे आणि २०३० पर्यंत हिवताप संपवायचा, असं उद्दिष्ट ठरवलंय. ते साधणार की नाही, हे तापानं फणफणलेल्या रुग्णांइतकंच ताप नसलेल्या या माणसांवरही अवलंबून आहे.

गोवर एकदा झाला की सहसा पुन्हा होत नाही. हिवतापाचं तसं नाही. फॅल्सिपेरमचा जंतू रक्तातल्या तांबड्या पेशीत शिरतो आणि त्या पेशीवर बाहेरून आपली एक खूण लावतो. शरीर ती खूण ओळखून मारायला शिकतं, तोवर जंतू दुसरी खूण लावून मोकळा. अशा खुणा बनवणारी सुमारे ६० जनुकं एकाच जंतूजवळ असतात, आणि शेजारच्या गावातल्या जंतूकडे संच आणखी वेगळा. रोज सदरा बदलणारा चोर पकडायचा तर त्याचे सगळेच सदरे पाहून ठेवावे लागतात. म्हणून हिवतापाची प्रतिकारशक्ती एका फटक्यात येत नाही. वर्षानुवर्षं डास चावून, पुन्हा पुन्हा आजारी पडून ती थोडी थोडी जमा होते. आणि जमा झाली तरी अर्धीच. जंतू कमी होतात, पण पूर्ण मरत नाहीत. ताप मात्र अंगावर उठत नाही.

ही गोष्ट नवी नाही. जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी १९०० च्या सुमारास न्यू गिनीमध्ये गावंच्या गावं तपासली. लहान लेकरांच्या रक्तात जंतू खूप, मोठ्यांच्या रक्तात शोधूनही मिळेनात. आपल्या अधिक जवळचं उदाहरण सिंहभूमचं, म्हणजे आजच्या झारखंडचं. तिथल्या आदिवासी मुलांचं रक्त क्रिस्टोफर्स या इंग्रज डॉक्टरनं वयाप्रमाणे तपासलं आणि १९२४ मध्ये निष्कर्ष मांडले. पहिल्या दोन वर्षांत जंतूंची संख्या प्रचंड, पुढं ती पायरीपायरीनं उतरत जाते. जुन्या लोकांना हे तक्त्याशिवाय ठाऊक होतं. लेकराची पानथरी वाढलेली, पोट पुढं आलेलं, आणि त्याच घरातला बाप जंगलात लाकडं तोडतोय, हे चित्र अनेकांनी पाहिलं आहे.

मोठ्यांच्या रक्तात खरंच काही कमावलेलं असतं का? १९६१ मध्ये गॅम्बिया या आफ्रिकी देशात याचा पुरावा मिळाला. तिथल्या मोठ्या माणसांच्या रक्तातली प्रतिपिंडं वेगळी काढून हिवतापानं आजारी मुलांना टोचली, तेव्हा मुलांच्या रक्तातले जंतू झपाट्यानं घटले.

आता घरातल्या घरात हिशेब लावा. तान्ह्या बाळाला पहिले काही महिने आईकडून आलेली प्रतिपिंडं थोडीफार सांभाळतात. जन्मतः असलेलं वेगळ्या प्रकारचं हिमोग्लोबिनही जंतूला मानवत नाही. साधारण सहा महिन्यांनंतर हे कवच विरतं आणि खरा धोका सुरू होतो. जिथं डास बारा महिने चावतात, तिथं पाच वर्षांच्या आतलं लेकरू सगळ्यात जास्त भोगतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगात हिवतापानं ५ लाख ९७ हजार माणसं गेली. त्यातली बहुतेक आफ्रिकेतली, आणि तिथं दर चार मृत्यूंपैकी तीन पाच वर्षांखालच्या मुलांचे. शाळकरी वयात जीव सहसा वाचतो, पण ताप येत राहतो. मोठेपणी तापही कमी होतो.

गडचिरोलीत मात्र हे गणित जसंच्या तसं बसत नाही. इथं हिवताप आफ्रिकेइतका दाट नाही, पावसाळ्यासोबत चढतो-उतरतो, आणि एका टोल्यावर भरपूर तर नाल्यापलीकडच्या गावात नाहीसारखा. त्यामुळं प्रतिकारशक्तीही सगळ्यांची सारखी नाही. एकाच्या अंगात जंतू गुपचूप बसतात, दुसऱ्याला तेच जंतू दोन दिवसांत बेशुद्ध करतात. 'मी इथलाच आहे, मला मलेरिया लागत नाही' हा भरवसा म्हणून महागात पडू शकतो.

गुपचूप बसलेले जंतू कुणाचं काय बिघडवतात? शेजारच्या लेकराचं. फॅल्सिपेरमच्या काही जंतूंचं रूप दहा-बारा दिवसांत बदलतं आणि त्या रूपात ते डासाच्या पोटात जाऊन वाढू शकतात. ताप नसलेल्या माणसाला डास चावला तरी तो हे जंतू उचलतो आणि पुढच्या घरात पोचवतो. तापाचा रुग्ण निदान गोळी घेतो. बिनतापाचा माणूस महिनोन्‌महिने डासांना जंतू पुरवत राहतो. छत्तीसगडनं २०२० मध्ये 'मलेरियामुक्त बस्तर' मोहिमेत घरातल्या प्रत्येकाचं रक्त तपासलं, तेव्हा जंतू सापडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना काहीच लक्षण नव्हतं. ओडिशानंही २०१७ पासून दुर्गम गावांत असाच ताप नसलेल्यांचा शोध घेतला. बस्तर म्हणजे आपल्या सीमेपलीकडचंच जंगल. तिथला आकडा इथं जसाच्या तसा लागू होईल असं नाही, पण धडा लागू होतो. फक्त तापाचे रुग्ण मोजून हिवताप किती उरलाय, हे कळत नाही. किटलाही फार थोडे जंतू दिसत नाहीत, त्यामुळं एका फेरीनं भागत नाही.

प्रतिकारशक्तीची आणखी एक खोड आहे. ती ठेव मोडल्यासारखी कमी होते. बरीच वर्षं हिवताप नसलेल्या शहरात काढून गावी परतलेला तरुण लहानपणी कितीही वेळा तापानं पडला असला, तरी त्याचं कवच पातळ झालेलं असतं. बाहेरून आलेला जवान, शिक्षक, रस्त्याच्या कामावरचा मजूर यांच्याकडे तर ते नसतंच. इंडोनेशियात जावा बेटावरची कुटुंबं पापुआच्या हिवतापाच्या भागात वसवली गेली, तेव्हा सुरुवातीला मोठी माणसं मुलांपेक्षा जास्त गंभीर आजारी पडली. पण वर्ष-दोन वर्षांत त्यांनी मुलांच्या आधी प्रतिकारशक्ती कमावली. म्हणजे वय वाढल्यानं शरीर शिकतं लवकर, पण पहिला घाव मोठ्यालाही जबर बसतो.

यातूनच सगळ्यात अवघड मुद्दा निघतो. फवारणी, औषधी मच्छरदाण्या आणि गोळ्यांनी हिवताप कमी झाला की नव्या पिढीला प्रतिकारशक्ती मिळतच नाही. ते चांगलंच आहे, कारण ती कमावण्याची किंमत लेकरांच्या जीवानं मोजावी लागते. पण काम अर्ध्यात सोडलं तर परत आलेल्या हिवतापापुढं लहान-मोठे सगळेच उघडे पडतात. देशानं हे एकदा भोगलंय. १९६१ मध्ये रुग्ण सुमारे ५० हजारांवर आले होते, १९७६ मध्ये ते ६४ लाखांवर गेले. डीडीटीला न जुमानणारे डास, साहित्याचा तुटवडा, ढिली पडलेली देखरेख अशी कारणं बरीच होती. पण मधल्या काळात जन्मलेल्यांच्या अंगात कवच नव्हतं, हेही विसरता येत नाही. आकडे उतरले म्हणून मच्छरदाण्या आणि माणसं कमी करायची, हा हिशेब म्हणूनच धोक्याचा आहे.

गरोदर बाईचं वेगळं. ती लहानपणापासून हिवतापाच्या गावात राहिली असली, तरी गर्भाची वार हे जंतूला नवं घर मिळतं, आणि तिथं चिकटणाऱ्या जंतूची ओळख तिच्या शरीराला आधी झालेली नसते. म्हणून पहिलटकरणीला धोका जास्त. बाईला ताप नसला तरी रक्त कमी होतं, बाळ वजनानं हलकं जन्मतं.

सिकलसेलबाबतही गावागावांत गोंधळ दिसतो. एकाच पालकाकडून दोष आलेला वाहक, म्हणजे 'एएस', गंभीर फॅल्सिपेरमपासून बऱ्याच अंशी वाचतो. दोन्हीकडून दोष आलेल्या 'एसएस' रुग्णाला मात्र हिवताप जीवघेणा ठरू शकतो. कार्डावर काय लिहिलंय, ते नीट वाचून घ्यावं.

लसीचंही विचारलं जातं. आर-२१ ही हिवतापाची लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते आणि २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं तिची शिफारस केली. ती आफ्रिकेत पाच महिन्यांपासूनच्या मुलांना दिली जाते, म्हणजे आईचं कवच विरतं त्या वयात. भारताच्या नियमित लसीकरणात ती नाही. इथं भिस्त तपासणी, गोळ्या आणि मच्छरदाणीवरच.

तपासणीची फेरी भर दुपारी आली तर घरी सापडतात लेकरं आणि म्हातारी माणसं. कमावती मंडळी शेतात किंवा जंगलात, आणि बिनतापाचे जंतू बहुधा त्यांच्याच अंगात. पहाटे किंवा दिवे लागल्यावर, ग्रामसभेला आधी सांगून फेरी ठेवली तर हाती जास्त लागेल. मिरची तोडायला तेलंगणात गेलेल्या टोळ्या परततात, तेव्हा त्यांचंही रक्त पहिल्याच आठवड्यात तपासायला हवं, आणि त्यासाठी गावात किट आधीपासून असायला हवेत.