बंधारा जिथे संपतो, तिथल्या घरांचं काय?

मालवण : पावसाळी उधाण आलं की देवबागात एकच मागणी पुढे येते, धूपप्रतिबंधक बंधारा द्या. मागणी रास्तच आहे. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदीची खाडी आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी. गावाला मागे सरकायला जागाच नाही.

पण नुसते दगड वाळूवर ओतले म्हणजे बंधारा होत नाही. लाट माघारी फिरताना दगडांच्या फटींतून खालची वाळू ओढून नेते आणि वरचे दगड हळूहळू खचतात. म्हणून तळाला जिओटेक्स्टाइलचं कापड, त्यावर लहान दगड, मग मोठे दगड असे थर लागतात. समुद्राकडचा पायथा वाळूत खोल न्यावा लागतो. उद्घाटनाच्या फोटोत यातलं काहीच दिसत नाही, त्यामुळे काम चालू असतानाच बघायला हवं.

लाटेचा जोर मोडणं हेही महत्त्वाचं. सरळ भिंतीवर आपटलेली लाट तशीच परत जाते आणि पायथा उकरते. मुंबईत मरीन ड्राइव्हला चार पायांचे सिमेंटचे ठोकळे सगळ्यांनी पाहिले असतील. त्यांना टेट्रापॉड म्हणतात. त्यांच्या फटींत शिरून लाट फुटते, जोर तिथेच जिरतो.

खरी अडचण बंधाऱ्याच्या टोकाला असते. केरळात एर्नाकुलम जिल्ह्यातल्या चेल्लानमला टेट्रापॉडची भिंत झाली, मागच्या घरांना मोठा दिलासा मिळाला. पण भिंत संपते त्याच्या उत्तरेला कन्नमालीत समुद्र घरांत शिरतच राहिला. कारण किनाऱ्याची वाळू एका जागी थांबत नाही, ती किनाऱ्यालगत वाहत असते. चेन्नईचं बंदर बांधल्यावर दक्षिणेला वाळू साचून मरीना रुंद झाला आणि उत्तरेला रोयापुरमचा किनारा झिजत गेला. एकाची वाळू अडली की पुढच्याचा वाटा गेलाच.

शिवाय बंधारा घर आणि माड वाचवतो, पुळण वाचवेलच असं नाही. भिंतीपुढची वाळू उतरली तर रापण ओढायची कुठे, होड्या लावायच्या कुठे? न्याहारी-निवास चालवणाऱ्यांचा पाहुणाही पुळणीसाठीच येतो.

तेव्हा बंधारा मंजूर झाला की ग्रामसभेत किती मीटर आणि किती कोटी एवढंच विचारून भागणार नाही. तो नेमका कुठे संपतो आणि तिथून पुढच्या वाडीसाठी आराखड्यात काय धरलंय, हे नकाशावर बोट ठेवून विचारावं लागेल. तेही दगडाचा पहिला डंपर येण्याआधी.