गाडीचे पाठीमागचे कान

1 जुलै 2019 पासून आपल्या देशात तयार होणाऱ्या प्रवासी मोटारींना मागील बाजूस पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. वटवाघळाचीच ही विद्या! माणसाला ऐकू न येणारा ध्वनी सोडायचा आणि तो अडथळ्यावरून परतण्यास लागलेल्या वेळावरून अंतर ओळखायचे. चिखल साचला की हे कान बधिर होतात; ओल्या फडक्याने पुसले की बहुधा भागते. आत पाणी शिरले वा तार गंजली, तर मात्र वर्कशॉप गाठावेच लागते.

खरे महाभारत तेथे सुरू होते. वॉरंटीची मुदत शिल्लक असते. तरी ‘बाहेरून धक्का लागला आहे’, ‘तुम्ही वायरिंगला हात लावलात’ असे तोंडी सांगून बिल पुढे केले जाते. कधी ते खरेही असते, हे मान्य केले पाहिजे. पण नकाराचे कारण जॉब कार्डावर लिहून मागावे. आपली सुशिक्षित मंडळी नेमकी येथेच भिडेला बळी पडतात.

2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याची एक सोय आपल्यासारख्या बृहन्महाराष्ट्रीयांना विशेष उपयोगाची आहे. गाडी पुण्यात घेतली आणि बिऱ्हाड इंदूरला, तरी तक्रार इंदूरच्या जिल्हा आयोगापुढे करता येते. 1986 च्या कायद्यात ग्राहकाच्या राहत्या गावाचा हा आधार नव्हता. तक्रारीचे कारण घडल्यापासून मुदत दोन वर्षांची. दोष चाचणीवाचून ठरत नसेल, तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे धाडू शकतो. तेव्हा पदरचे पैसे भरून सेन्सर बदलावाच लागला, तर जुना मागून घ्यावा आणि बिलासोबत जपून ठेवावा.