‘निरागस’ म्हणू नका

सई परांजपे यांच्याविषयी कुठेही काही छापून आलं की मी आधी एक शब्द शोधते. तो सहसा सापडतोच. हिंदीत ‘मासूम’, इंग्रजीत ‘इनोसंट’, मराठीत ‘निरागस’. सोबतीला ‘हलकाफुलका’, ‘निखळ’, ‘खुसखुशीत’ ही नेहमीची मंडळी. भाषांतराच्या धंद्यात एक गोष्ट लवकर कळते. तीन भाषांतले लोक एकाच माणसासाठी तोच शब्द वापरत असतील, तर ते एकमत असेलच असं नाही. पुष्कळदा एकाने लिहिलेलं बाकीच्यांनी उतरवून घेतलेलं असतं.

माझं म्हणणं असं की हा शब्द दिसतो कौतुकाचा, पण त्याचं काम वेगळंच आहे. बाईंचे सिनेमे वाचायचे टाळण्याची ती सभ्य रीत आहे.

मराठीत तर आपण त्याहून सोपी वाट काढली आहे. आपण त्यांचं घराणं सांगतो. रँग्लर परांजप्यांची नात, शकुंतलाबाईंची लेक, वडील रशियन चित्रकार, आठव्या वर्षी पहिलं पुस्तक. सगळं खरं आहे. पण वंशावळ सांगून झाल्यावर लेखाची जागा संपते आणि सिनेमा राहून जातो.

म्हणून सिनेमाकडे येऊ. ‘चश्मे बद्दूर’ (१९८१) ची गोष्ट एकदा विनोद काढून सांगून बघा. दिल्लीत एका खोलीत तीन मित्र. ओमी आणि जय आळीपाळीने एका मुलीच्या मागे जातात, दोघांचीही फजिती होते, आणि परत आल्यावर दोघंही आपण तिला जिंकल्याच्या बढाया मारतात. पुढे तिसरा, सिद्धार्थ, त्याच मुलीच्या प्रेमात पडतो. दारोदार ‘चमको’ पावडर विकणारी ती नेहा. आता या दोघांची पंचाईत होते. मग ते त्याला पटवतात की ती मुलगी काही सरळ नाही, आम्हा दोघांनाही तिचा अनुभव आहे. आणि हा अर्थशास्त्र शिकलेला, पुस्तकात डोकं घालून बसणारा, सभ्य मुलगा ते मानतो. तिच्या शब्दाआधी त्याच्यासाठी मित्रांचा शब्द येतो.

यात निरागस नेमकं काय आहे? कॉलेजच्या कट्ट्यावर, हॉस्टेलच्या खोलीत, ऑफिसच्या चहाच्या वेळेत मुलींची बदनामी अशीच तयार होते. तेव्हाही होत होती, आताही होते. आता फोनवर होते, एवढंच.

विनोद काढून ही गोष्ट सांगता येते, पण विनोदाशिवाय ती एवढी नेमकी होत नाही. त्या दोघांच्या थापा आपल्याला पडद्यावर दिसतात, आणि दिसतात त्या हिंदी सिनेमातल्या प्रेमगीतांच्या रूपात. होडी, बाग, लाजणं, मिठी. म्हणजे मुलगी नाही म्हणते तिथे तिच्या तोंडी होकार घालायचा तर त्यासाठी लागणारी भाषा या पोरांना कुठून मिळाली, याचं उत्तर बाईंनी विडंबनातच देऊन ठेवलं आहे. ज्या सिनेमाचं मीठ खायचं त्याच्याच गळ्यात हे बांधायचं. याला मी धारिष्ट म्हणेन. गंमत अशी की पुढे खरे प्रेमिक बागेत बसतात तेव्हा त्यांनाही हाच प्रश्न पडतो, की सिनेमातली माणसं अशी बागेत गातात तरी कशी!

५ एप्रिल २०१३ रोजी या सिनेमाची दुरुस्त केलेली प्रत आणि डेव्हिड धवन यांनी गोव्यात घडवलेली त्याची नवी आवृत्ती एकाच दिवशी थिएटरात आली. अशी सोय आम्हा भाषांतरकारांना क्वचित मिळते: मूळ आणि रूपांतर शेजारी शेजारी, एकाच तिकीटखिडकीवर. नव्यात कथानक बरंचसं तेच आहे, तीन मित्र आणि एक मुलगी आहे, थापा आहेत. पण थापा मारणाऱ्यांकडे तिरप्या नजरेने बघणारं कुणी उरलेलं नाही; कॅमेरा त्यांच्याच टोळीत सामील झाला आहे. त्या वेळी ‘जुन्याची निरागसता हरवली’ अशी हळहळ ऐकू आली. निरागसता कसली! हरवली होती ती तीक्ष्ण नजर.

आता दुसरं उदाहरण, आणि इथे माझं भांडण जास्त आहे. १९८३ या एकाच वर्षाच्या नावावर दोन विनोदी सिनेमे आहेत: कुंदन शहांचा ‘जाने भी दो यारो’ आणि सई परांजप्यांचा ‘कथा’. नसीरुद्दीन शहा दोन्हीत आहेत. पहिल्याला आपण उपहास म्हणतो, राजकीय भाष्य म्हणतो, काळा विनोद म्हणतो, आणि ते योग्यच आहे. तो सिनेमा मलाही फार आवडतो. दुसऱ्याला म्हणतो गोड. चाळीतली गोड गोष्ट.

‘कथा’त राजाराम हा नोकरीत कायम झालेला सरळमार्गी कारकून. त्याच्या खोलीत बाशू येऊन राहतो, त्याचे कपडे वापरतो, त्याच्याच कंपनीत साहेबाच्या मर्जीत जाऊन बसतो आणि राजारामचं जिच्यावर मन आहे त्या संध्याला नादी लावून पळून जातो. ससा हरत नाही. त्याला शिक्षाही होत नाही. आणि तो एकटा दोषी आहे असंही सिनेमा म्हणत नाही. सगळी चाळ त्याच्यावर भाळलेली असते, कारण तो छान बोलतो. कुंदन शहांच्या सिनेमात भ्रष्ट माणसं बिल्डर, अधिकारी आणि संपादक आहेत, म्हणजे ‘ते’ आहेत. ‘कथा’त थापाड्याला डोक्यावर घेणारे आपण आहोत. यातलं कुठलं अधिक बोचरं, हे ज्याचं त्याने ठरवावं. पण एकाला उपहास आणि दुसऱ्याला गोडवा म्हणायचं कारण मला संहितेत सापडत नाही. ते दिग्दर्शकाच्या नावाशेजारी सापडतं.

संध्याचंच बघा. ती राजारामला स्वतःहून सांगते की बाशूशी आपला शरीरसंबंध आला होता. तो तिला स्वीकारतो. रडारड, विहीर, प्रायश्चित्त काही नाही. १९८३ च्या ‘कौटुंबिक’ सिनेमात हे आलं आणि कुटुंबांनी ते पाहिलं. ज्या शकुंतलाबाईंच्या घरात सई वाढल्या, त्या र. धों. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्या’त लिहीत होत्या आणि संततिनियमनाचं काम करत होत्या. वंशावळ सांगायचीच असेल तर ही सांगा, कारण ती सिनेमाच्या आत पोचते.

‘विनोद भाषांतरात मरतो’ हे वाक्य मला अनेक संपादकांनी ऐकवलं आहे. एकाने तर मराठीतून ‘काहीतरी वेदनेचं’ पाठवा असं स्वच्छ सांगितलं होतं. मराठीतलं दुःख इतर भाषांत जायलाच हवं, अजून कितीतरी जायचं बाकी आहे. पण ‘कथा’ मुळात शं. गो. साठ्यांचं मराठी नाटक, ‘ससा आणि कासव’. ते हिंदीत गेलं, मराठी चाळीसकट गेलं, आणि सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार घेऊन आलं. मग मेलं कोण? खुद्द बाईंच्या आत्मकथनाचं नाव ‘सय’. आठवण, आणि स्वतःच्या नावाची चाहूल. इंग्रजीत हा श्लेष येणं शक्य नव्हतं, तिथे पुस्तक ठिगळांच्या गोधडीचं नाव घेऊन आलं. एक गंमत सोडली, दुसरी धरली. धंदा असाच चालतो.

मराठी वाचकांना त्यांचं ‘सख्खे शेजारी’ ठाऊक असतं, ‘जास्वंदी’ ठाऊक असतं. मराठीबाहेरच्या माझ्या मित्रांशी बोलताना या नावांपाशी गाडी अडते. दोनचार हिंदी सिनेमांवरून बनलेली ‘मासूम’ प्रतिमा त्यांना पुरेशी वाटते.

आता उलट बाजूचं. ‘चश्मे बद्दूर’चा शेवट मला कच्चा वाटतो. मित्र एक खोटं अपहरण रचतात आणि त्यातून खरंच अपहरण घडतं, मग धावपळ, मग समेट. ओमी आणि जय यांनी नेहाबद्दल जे सांगितलं त्याची किंमत त्यांना फारशी मोजावी लागत नाही. मुलीला सोडवायला धावले, की खातं मिटलं. ‘कथा’त चाळीला न मिळालेली सुटका इथे मित्रांना का मिळाली? मैत्रीवरच्या मायेपोटी, की निर्मात्याला हवा असलेला गोड शेवट म्हणून? मला वाटतं, मायेपोटी. आणि ती माया मला खटकते. यावर कुणी माझ्याशी वाद घालणार असेल तर मी तयार आहे. फक्त त्याने सिनेमा पुन्हा पाहून यावं.