फोटोत चष्मेवाला हवा, पण बोरीचं झाड नको?



थंडी पडली की जळगावात दोन गोष्टी सुरू होतात. हातगाड्यांवर मेहरूणच्या बोरांचे ढीग लागतात आणि मेहरूण तलावाच्या आसपास, शिरसोली रस्त्याच्या बाजूला, सकाळी सकाळी मोठ्या लेन्सा घेतलेली मंडळी दिसू लागतात. दुसऱ्या गटात मीही आहे. म्हणून हे घरातलंच भांडण समजा.

बोरीवर पाखरं का येतात ते नीट समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं होतं. नुसत्या फळासाठी येत नाहीत. लालबुड्या बुलबुल पिकलेलं बोर टोचतो, सगळं खात नाही. त्याने सोललेल्या बोरात मग चष्मेवाला चोच घालतो. बोरीची फळमाशी हिरव्या फळात अंडी घालते, अळी आतला गर खाते आणि बाहेर पडून झाडाखालच्या मातीत कोशात जाते. शेतकऱ्याची ती डोकेदुखी, पण किडे खाणाऱ्या पाखरांना तिथे कायम काही ना काही मिळतं. फांदीत शिंपी आणि वटवट्या, खाली जमिनीवर चिरक आणि हिवाळ्यात उत्तरेकडून आलेला थिरथिरा. वर काटे असे, की शिक्रा झेपावला तरी आत घुसताना विचार करेल. खाणं, लपणं, ऊन शेकणं, सगळं एका झाडावर. पामच्या झाडावर यातलं काय मिळतं सांगा.

आता आपल्या लेन्सवाल्यांकडे. चष्मेवाल्याचं वजन साधारण 10 ग्रॅम. जळगावची डिसेंबर-जानेवारीची रात्र काही वेळा 10 अंशांच्या खाली जाते. एवढासा जीव रात्रभर अंगातली चरबी जाळून तग धरतो आणि उजाडल्यावर पहिलं काम पोट भरणं. नेमकी तीच साडेसात ते नऊची वेळ आपल्याला हवी असते, कारण ऊन कोवळं असतं. त्या वेळी मोबाईलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला बोलवायचं, म्हणजे घरात दुसरा कोणी घुसलाय असं त्याला वाटायला लावायचं. तो खाणं सोडून भांडायला येतो, आपण धडाधड वीस फोटो काढतो, आणि मग तोच आवाज पुढच्या माणसाच्या मोबाईलवर सुरू! पाखराने काय खायचं, आपले लाईक?

मध्ये येते म्हणून फांदी तोडणं, हा दुसरा प्रकार. घरट्यासमोरची पानं बाजूला करणं तर थेट कायद्यात येतं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे तिच्यात पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कळीत करणंही धरलेलं आहे. हातात बंदूक नसली तरी.

खरं सांगायचं तर बोरीवर आवाज लावायची गरजच नसते. झाडापासून वीसेक पावलांवर, पाठीवर ऊन घेऊन, अर्धा तास गप बसा. चष्मेवाल्यांचा थवा एका झाडावरून दुसऱ्यावर जातो आणि फिरून येतो. थिरथिऱ्याची बसायची जागा तर ठरलेली असते. ज्याला अर्धा तास बसवत नाही त्याने लग्नाचे फोटो काढावेत, तिथे माणसं सांगितल्यावर हसतात तरी.

पण सगळा राग फोटोवाल्यांवर काढून मोकळं होणं मला पटत नाही. मोबाईलवरचा आवाज एका सकाळचं नुकसान करतो. झाड गेलं की सगळे हिवाळे गेले. शेतीच्या पुस्तकांत उमराण, कडाका, छुहारा यांच्या बरोबरीने मेहरूण ही बोराची जात म्हणून नाव येतं. आपल्या एका वस्तीचं नाव! आणि त्याच वस्तीत आज बोरीच्या बागा किती, प्लॉट किती, हे तिथे राहणाऱ्यांना विचारा. बाजारात तर ॲपल बोर आलंय, मोठं, गुळगुळीत, आणि आमच्या मते चवीला पाणी. त्याच्या बागांवर बहुतेकदा जाळी टाकलेली असते. शेतकऱ्याला नावं ठेवायची नाहीत, त्याला पोट आहे. पण मग पाखरांसाठी उरते ती बांधावरची, तलावकाठची, पडीक जागेतली गावठी बोर. सुशोभीकरण म्हटलं की पहिली कुऱ्हाड काटेरी झुडूप म्हणून तिच्यावरच पडते.

महापालिकेकडे मागणं फार मोठं नाही. मोठ्या लेआउटला मंजुरी मिळताना 10 टक्के जागा खुली सोडावी लागते. तिथे बाक आणि पाम लावण्याबरोबर चार मेहरूण बोरी, एखादं भोकर, एखादा उंबर लावा. शहरातल्या झाडांसाठी 1975 चा कायदा आहे, 2021 च्या दुरुस्तीने 50 वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्ष म्हटलंय. मेहरूणमधल्या जुन्या बोरी त्यात बसतात का, हे मोजायला हवं. आणि मोजायला आपणच मदत करू शकतो. आपल्या हार्ड डिस्कमध्ये तारखेसकट हजारो फोटो पडलेत. पाखराबरोबर पूर्ण झाडाचाही एक फोटो काढा, मागचं सगळं धूसर करून टाकू नका. पुढच्या वर्षी झाड नसेल तर निदान दाखवता येईल की होतं. घरट्याचं ठिकाण मात्र टाकू नका, कोणी कितीही विचारलं तरी.

एक काम लगेचचं आहे. बोरांचा हंगाम आणि पतंग एकाच वेळी येतात. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाची 2017 पासून देशभर बंदी आहे, तरी संक्रांतीनंतर काटेरी झाडांत तो अडकलेला दिसतोच, आणि कुजत नाही, वर्षभर तिथेच राहतो. संक्रांतीनंतरच्या रविवारी सकाळी नऊनंतर, पाखरांचं खाणं उरकल्यावर, तलावाच्या कडेने फिरून तो काढू. लांब काठी, कात्री, जाड हातमोजे आणा. कॅमेरा गाडीत ठेवला तरी चालेल. कोण कोण येणार, खाली लिहा.