माथेरानचा बाजार आणि मोटार

मोटार थेट माथेरानच्या बाजारात येऊ द्या, धंदा दुप्पट होईल, असे काही व्यापारी बांधव म्हणतात. आमचे मत उलट आहे.

१८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट या डोंगरावर चढले, तेव्हा येथे रानच होते. पुढे बंगले उठले, पण वर यायचे ते घोड्यावर, पालखीत नाहीतर पायी. ही अडचण सरकारने नव्हे, मुंबईचे बोहरा व्यापारी सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने दूर केली. घरचे सुमारे १६ लाख रुपये घातले, मुलगा अब्दुल हुसेन यांनी काम तडीस नेले आणि १९०७ साली नेरळहून दोन फुटी रुळांवरची गाडी वर पोचली. केवढी ही हिंमत!

आजही मोटार दस्तुरी नाक्यावर थांबते. पुढे गिऱ्हाईक चालते, आणि चालते म्हणूनच दुकानापाशी रेंगाळते. चामड्याची चप्पल पायात घालून पाहते, चिक्की चाखते. मोटारवाला हॉटेलच्या दारात उतरेल, आपल्या दुकानावरून धूळ उडवीत जाईल. शांत रान आणि लाल मातीची वाट हेच येथले भांडवल. घोडेवाल्यांची रोजीही त्यावरच.

माणसाने माणूस ओढण्याची हातरिक्षा बंद करा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सांगितले, ते योग्यच. मात्र ई-रिक्षा त्याच ओढणाऱ्यांच्या हाती पडाव्यात, बाहेरच्या पैसेवाल्याच्या नव्हे. व्यापारी मंडळींनी आवाज उठवावा तो यासाठी.